जळक्या वाड्यासमोर

पार्सलवाल्या पोराचा फोन आला तेव्हा मी माडीवर होतो. पोरगं या भागात नवं होतं. मारुतीच्या देवळापाशी उभा आहे, पुढं कसं येऊ, म्हणाला. आयुष्यभर सांगत आलोय तसं मी सांगितलं, "सरळ ये, डाव्या हाताला पिंपरणीचं झाड लागंल, तिथनं आत वळ. जळक्या वाड्यासमोरचं घर." पलीकडं जरा शांतता. मग त्यानं काळजीच्या आवाजात विचारलं, "कधी जळला, सर? माणसं बरी आहेत ना?"

मी हसलो. म्हटलं, अरे, नाव आहे ते. "बरं बरं," म्हणाला. पाच मिनिटांत आला, ओटीपी घेतला आणि गेला. पार्सलात मिक्सरचं भांडं होतं. आईनं ते लगेच लावून शेंगदाण्याची चटणी वाटलीसुद्धा. माझ्या डोक्यातनं मात्र त्या पोराचं बोलणं जाईना. पन्नास वर्षं हे दोन शब्द मी तोंडानं म्हणतोय. गॅसच्या कार्डावर आहेत, बँकेच्या पासबुकावर आहेत, माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर तर गणपतीच्या चित्राखाली लाल शाईत छापलेत. त्यातला 'जळका' हा शब्द मला कधी ऐकूच आला नव्हता. आणि माणसं बरी आहेत का, हे या गल्लीत कुणी विचारलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. वाडा आमच्या दारातनं पंधरा-वीस पावलांवर. आता उरलंय ते फक्त काळ्या दगडाचं जोतं, दोन बाजूंच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि परसातला बुजत आलेला आड. दरवाजाची चौकट कधीच गेली, कुणाच्या तरी गोठ्याला ती बसली असणार. मागची भिंत कोयनेच्या भूकंपात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे बसली, असं आजी सांगायची. उरलेल्या भिंती दर पावसाळ्यात बोटभर खाली येतात. पांढऱ्या मातीचं असंच असतं, डोक्यावर छप्पर आहे तोवर ती दोनशे वर्षं उभी राहील आणि छप्पर गेलं की विरघळायला लागेल. भिंतीच्या वरच्या अंगाला छताची लाकडी सरं बसवलेल्या खोबणी आहेत. त्यांच्याभोवतीची माती विटकरी लाल आहे. बाकीची भिंत पांढरट आणि तेवढीच लाल का, हे लहानपणी कधी डोक्यात आलं नाही. भाजलेली माती तशी होते, हे कुंभाराच्या शेजारी राहूनही कळलं नव्हतं.

आम्ही चौघं-पाचजण तिथं पडीक असायचो. आमच्या पिढीला पडक्या वाड्यात शिरायला कॅमेरा लागायचा नाही, गुप्तधनाची खात्री पुरायची. प्रत्येक पडक्या वाड्यात मोहरांचा हंडा असतो आणि त्यावर नागोबा बसलेला असतो, यावर आमचा शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त विश्वास. हंडा काही मिळाला नाही. सापाची कात मिळाली, विड्यांची थोटकं मिळाली. एकदा चौकातल्या तुळशीवृंदावनाच्या मागं हळद-कुंकू लावलेलं लिंबू आणि केसांचं गुंतवळ सापडलं, तेव्हा आठवडाभर तिकडं फिरकलो नाही. वटवाघळांच्या विष्ठेचा तो आंबूस, नाकात चढणारा वास आजही कुठं आला की पहिल्यांदा पायांना आठवतं, डोक्याला नंतर.

एका मे महिन्यात, मी अकराएक वर्षांचा असेन, आम्हाला बळद, म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, सापडलं. माजघराच्या जाड भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर एक भोक होतं, त्यात मातीचं ढेकूळ ठोकून बसवलेलं. ते काठीनं पाडलं. सगळ्यांत बारका मी, म्हणून आधी पाय घालून मला आत सोडलं. आत बसण्याइतकी जागा होती. पायाखाली काहीतरी सरकत होतं, वाळूसारखं पण वाळूपेक्षा हलकं. मूठभर बाहेर काढलं तर काळे दाणे. ज्वारी. प्रत्येक दाणा आपल्या आकारात शाबूत, टोकाचा ठिपकासुद्धा दिसत होता, फक्त काळाकुळकुळीत. बोटांत धरून चुरडला की आवाज न होता त्याची काजळी व्हायची आणि बोटाच्या रेघांत बसायची. धुतली तरी दोन दिवस निघायची नाही.

आम्हाला केवढा आनंद झाला! मावळ्यांच्या मिश्या काढायला एवढी झकास काजळी गावात दुसरीकडं कुठं मिळणार? त्या सुटीभर आम्ही जळक्या ज्वारीच्या मिश्या काढून गड सर केले. मी तानाजी होतो.

पुढं कॉलेजात असताना इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे तिथल्या मातीत मिळाले, त्यांवरून माणसं काय पेरत होती, काय खात होती हे कळलं. बंद जागेत, पुरेशी हवा न मिळता धान्य भाजून निघालं की त्याचा कोळसा होतो. मग त्याला कीड लागत नाही, ते कुजत नाही. सर हे शिकवत होते आणि माझा हात आपोआप ओठावर गेला.

त्याच बळदात मला एक फुलपात्रही मिळालं होतं. पितळेचं, एका अंगानं चेपलेलं, तळाला काळं पडलेलं. घरी आणून राखेनं घासलं, तर कडेखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव उमटलं. पूर्वी भांडं घेतलं की दुकानातच छोट्या छिन्नीनं ठोकून नाव घालून देत. लग्नातल्या भांड्यांवर तर देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि तारखेचंही टिंब असायचं. मी नाव वाचत आजीकडं पळालो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठानं माखलेल्या तिच्या हाताची एक थप्पड माझ्या गालावर बसली. आजीनं मला मारलेलं ते एकदाच. "मुडद्या, दिवं लागायच्या आत जिथलं तिथं ठिवून यं. आन् पुन्ना त्या वाड्यात पाय टाकलास तर बघ." मी रडत रडत गेलो आणि फुलपात्र बळदात टाकून आलो. भुताला भीत असेल, असं मी धरून चाललो. म्हाताऱ्या बायका भुताला भितात, हे सोपं होतं.

आता माझा पुतण्या मोबाइलची बॅटरी लावून रात्री असल्या जागांत शिरतो आणि रील टाकतो. मागं घुबडाचा आवाज जोडतो. त्यानं मला सांगलीच्या एका बंद पडलेल्या टॉकीजचं चित्रण दाखवलं. खुर्च्या उपटून नेलेल्या, त्यांच्या बोल्टांच्या रांगाच रांगा जमिनीवर, आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची पट्टी. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ही पोरं भूत शोधतात आणि भूत मिळालं की हायसं वाटून परत येतात, असं मला उगाच वाटत राहिलं. त्यापेक्षा हरिपूरचे हळदीचे जुने व्यापारी शहाणे. तिथं जमिनीत पेवं होती, वरून माणूस जाईल एवढं तोंड आणि आत रांजणासारखा फुगत गेलेला खड्डा. हळद त्यात वर्षानुवर्षं बिनकिडीची राहायची. पेव उघडलं की कुणी लगेच आत उडी टाकत नसे. तासन् तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. तिथला एक जुना हमाल मला म्हणाला होता, "आत काय हाय हे समद्यांस्नी म्हाईत असतंय. हवा कसली हाय तेवढं बघायचं."

२०१९ च्या पुरापर्यंत मी फुलपात्र पार विसरलो होतो.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या गल्लीतही कमरेच्या वर पाणी होतं. आठ दिवस आम्ही आष्ट्याला पाहुण्यांकडं काढले आणि परत आलो, तेव्हा घरात घोट्याएवढा गाळ. न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ तरंगत तरंगत सोप्यात आलं होतं आणि उंबऱ्याला टेकून गाळात बसलं होतं. हे घंगाळ माझ्या जन्माच्या आधीपासून घरात. दोन बाजूंना पितळी कड्या, आजीच्या काळी ते रोज चिंचेनं लखलखीत व्हायचं. मी ते बाहेर ओढलं, पाइपानं धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. वाळल्यावर बघतो तर तांब्यावर अक्षरं उभी राहिलेली. गाळ टिंबांत जाऊन बसला होता, बाकी सगळा वाहून गेला होता. लाल तांब्यावर मातकट टिंबांचं नाव, खाली तारीख, सन ३५.

नाव मी इथं लिहीत नाही. त्या घरातली माणसं आज कुठं ना कुठं असतील. एवढंच सांगतो की ते आमचं नव्हतं, आणि कोरणाऱ्याचा हात मी ओळखला. त्याचा 'र' खाली येताना उगाच शेपूट सोडायचा, एक टिंब जास्तीचं. चौतीस वर्षांपूर्वीच्या फुलपात्रावर तेच एक टिंब जास्त होतं.

गाळ काढता काढता दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. या घंगाळात मी हजारदा आंघोळ केली असेल, मग नाव कधी कसं दिसलं नाही? कारण ती बाजू कायम भिंतीकडं असायची. आजी घासायची आणि परत ठेवताना कडी धरून अर्धा फेरा द्यायची. तो कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. आजीनंतर आईही तसाच अर्धा फेरा देते. मला वाटायचं, बायकांची भांडी ठेवायची रीत असेल.

तात्यांकडं गेलो. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ, ब्याऐंशीच्या घरात आले होते. पत्री सरकारचा, इंग्रजांविरुद्धच्या त्या भूमिगत प्रतिसरकारचा, विषय काढला की तात्या थांबायचे नाहीत. शेणोलीजवळ लुटलेली गाडी, रात्री मळ्यातल्या खोपीत उतरलेली माणसं, क्रांतिसिंह नाना पाटलांची सभा, आणि पायांना पत्री मारलेल्या फितुरांची नावं, सगळं वारासकट तोंडपाठ. त्या भूमिगतांना वाड्याच्या मागच्या दारानं भाकऱ्या जायच्या, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, "तात्या, आणि अठ्ठेचाळीसला?" ते पानाचा डबा शोधायला लागले. डबा मांडीवरच होता.

मग तुटक तुटक आलं. महात्मा गेल्याचं गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, हे त्याच्याबरोबरच. पहिल्या दिवशी सगळं गाव नदीला जाऊन आंघोळ करून आलं, घरचं माणूस गेल्यासारखं. वाडाही ब्राह्मणांचाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी जमाव आला. तात्या तेव्हा अकरा वर्षांचे. रॉकेलचा वास आधी आला, मग धूर. वाड्यातल्या बायकापोरांना आमच्या आज्यानं मागच्या बोळातनं काढून आपल्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं बसवलं होतं. रात्री बैलगाडीनं रेल्वे स्टेशनला सोडलं. "आन् वाडा तीन दिस धुमसत हुता. ज्वारी जळल्याचा वास. हुरडा भाजल्यावानी." तात्यांनी पान तोंडात टाकलं. "पर आपल्या गावचं कोन नव्हतं हां त्यात. बाहिरची मान्सं हुती."

हे मी बऱ्याच गावांत ऐकलंय. सातारा, सांगली, कोल्हापूर, जिथं जिथं अठ्ठेचाळीसचं जळीत झालं तिथं तिथं म्हातारी माणसं हेच सांगतात, बाहेरची माणसं आली होती. मग ती बाहेरची माणसं रात्री परत जायची ती कुठल्या गावाला?

तात्यांना हे विचारायचं धाडस मला झालं नाही. घंगाळाचं मात्र विचारलं. ते म्हणाले, "ते व्हय. ते त्यांनीच ठिवाय दिलं हुतं जाताना. गाडीत कुठं मावतंय." असेलही. रात्री अंधारात, चार पोरं पोटाशी घेऊन, लपून बैलगाडीत चढणारी बाई घंगाळ सोपवायला थांबेल का, हा प्रश्न आहे. पण माणूस जीव घेऊन पळताना काय काय उचलतो हे मी २०१९ ला बघितलंय. आमच्या शेजारणीनं दागिने विसरून लोणच्याची बरणी घेतली होती.

यात जमिनीचा गुंता वेगळाच. आमचं घराणं त्या वाड्याचं कूळ. पणजोबा, आजोबा त्यांचीच नदीकाठची चार एकरं कसत होते आणि खंड घालून उरलेल्यावर जगत होते. खंड चुकला की वाड्याच्या सदरेवर, पायरीखाली उभं राहून काय काय ऐकायला लागायचं, तेही आजोबांकडनं घरात आलेलं आहे. पायरीच्या वर त्यांना कधी बोलावलं गेलं नाही. १९५७ साली १ एप्रिलला कूळकायद्यानं कसणाऱ्याची जमीन झाली आणि पुढं रीतसर फेरफार होऊन ती चार एकरं आमच्या नावावर आली. त्या उसावर मी शिकलो. त्याबद्दल मला खंत नाही आणि ती वाटली तर ते ढोंग होईल. जमीन कायद्यानं आली, पैसे भरून आली, सातबाऱ्यावर नोंद आहे. घंगाळाचा सातबारा नसतो. चार एकरांचं ओझं मला कधी झालं नाही, आणि दहा-बारा किलोचं ते तांबं काही केल्या उचलत नाही.

पार्सलवाल्या पोराच्या फोननंतर आणखी एक दुपार वर आली. मी सहावीत की सातवीत. एक पांढऱ्या केसांच्या बाई पुण्याहून आल्या होत्या, नऊवारीतल्या, एकट्याच. वाड्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. आजीनं त्यांना हाताला धरून आमच्या सोप्यात आणलं. दोघी काही बोलत नव्हत्या, नुसत्या एकमेकींचे हात कुस्करत होत्या. मग त्या म्हणाल्या, "पाय धुते गं, धूळ झालीय." आमच्याकडं पाहुण्याला पाय धुवायला आत न्हाणीत नेतात, आजही. आजी उठली, न्हाणीचं दार तिनं ओढून कडी घातली आणि बादली-तांब्या बाहेर अंगणात आणून दिला. स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातलं. जाताना खण-नारळानं ओटी भरली. बाई गल्लीच्या वळणाला दिसेनाशा झाल्या तरी आजी पिंपरणीखाली उभी होती.

पाहुणीला न्हाणी का नाही दाखवली, हे मला तेव्हा खटकलं होतं, एवढं नक्की. नाही तर ती कडी इतकी वर्षं लक्षात राहिली नसती.

गेल्या आठवड्यात मी घंगाळ फिरवलं. आता ते न्हाणीत नसतं. घरात गिझर आलाय, घंगाळ बायकोनं सोप्यात कोपऱ्याला ठेवलंय. पितांबरीनं चमकवते, दिवाळीत पाणी भरून त्यात झेंडू आणि पणत्या सोडते. येणारे जाणारे कौतुक करतात, कुठनं घेतलं म्हणून विचारतात. सकाळी शाळेला जाताना मी कडी धरून अर्धा फेरा दिला. नाव बाहेर आलं. टिंबांत अजून पुराचा गाळ होता, काढावासा वाटला नाही.

संध्याकाळी परत आलो तर नाव पुन्हा भिंतीकडं. बायको माहेरी गेली होती, पोरं होस्टेलला. घरात आई एकटी. स्वयंपाकघरात नव्या भांड्यात काहीतरी वाटत होती.

मी दारात उभा राहून म्हटलं, "आई, त्या पुण्याच्या बाई आल्या होत्या बघ एकदा. आजीनं त्यांना न्हाणीत का नेलं नव्हतं?"

मिक्सर चालू होता. बंद झाल्यावर तिनं झाकण काढलं, बोटानं चटणीचं मीठ बघितलं.

"तुझं शर्ट भिजलंय," ती म्हणाली. "पाऊस हाय काय बाहीर?"

होता. समोर वाड्याची भिंत भिजून काळपट झाली होती, फक्त सरांच्या खोबणींपाशी लाल.